पिकअपची थरथर : नोंद चौथी

मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे चारही चाकांचे बॅलन्सिंग करून आणि पुढची-मागची चाके आपसांत बदलूनही माझ्या जुन्या पिकअपची थरथर तसूभरही कमी झाली नव्हती. ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे ती सुरू होते, ७२ च्या आसपास सर्वांत जास्त जाणवते आणि स्टिअरिंगमध्ये न येता सीटखाली व हौद्याच्या पत्र्यात येते.

रविवारी ऊन चढण्याआधी सोलापूरहून मोहोळच्या दिशेने गाडी काढली. मोकळा पट्टा पाहून ७२ च्या वेगावर, इंजिन चालू ठेवूनच, गिअर न्यूट्रलला आणला. इंजिनाचे फेरे एकदम उतरले, थरथर मात्र तशीच राहिली. इंजिन आणि क्लच यांच्यावरचा संशय तिथेच मिटला.

खरा उपयोग झाला तो मोजणीचा. टायरवर खडूने खूण करून गाडी चाकाच्या एका फेऱ्याइतकी ढकलली, तेव्हा अंतर २.१६ मीटर भरले. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. त्या हिशेबाने चाक सेकंदाला सुमारे सव्वानऊ फेरे घेते, आणि माझ्या गाडीच्या क्राउन-पिनियनचे (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीचे) दात ४१ व १० असल्याने प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणारा लांब दांडा) तेवढ्याच वेळात साधारण ३८ फेरे घेतो. सीटच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधलेल्या मोबाईलने कंप मोजला, तर आलेखाचे टोक नेमके सेकंदाला ३८ कंपांवर आले. नऊच्या जवळपास काहीच नव्हते, म्हणजे दोष चाकांचा नव्हता. क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकांवरच्या वळत्या सांध्याच्या) कोनातला दोष एका फेऱ्यात दोन हिसके देतो, इथे मात्र फेऱ्यागणिक एकच होता. शाफ्टचा तोल गेला आहे, असाच त्याचा अर्थ लागतो. हे गणित न करता आधी क्रॉस बदलून मोकळे होण्याची आपल्याकडची पद्धत मला पटत नाही.

संध्याकाळी गाडीचा मागचा भाग स्टँडवर घेऊन शाफ्ट कापडाने पुसला. मागच्या क्रॉसपासून चार बोटांवर वेल्डिंगचे नखाएवढे दोन टिपके दिसले आणि त्यांच्यामध्ये रंग उडालेला, तांबूस गंज धरलेला चौकोन. तोलासाठी डकवलेली बॅलन्सिंगची पट्टी तिथूनच गळून पडली होती. दोन्ही क्रॉसमध्ये हाताला ढिलेपणा लागला नाही. शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगच्या रबराला मात्र भेगा पडल्या आहेत.

खात्रीसाठी त्याच जागी होज क्लिप (नळीवर आवळायची स्क्रूची पट्टी) आवळून, तिचा जड स्क्रू चौकोनावर ठेवून गाडी पुन्हा चालवली, तेव्हा थरथर निम्म्याहून कमी झाली. स्क्रू विरुद्ध बाजूला फिरवल्यावर ती पूर्वीपेक्षा वाढली. क्लिप हा कायमचा इलाज नव्हे. दोन तुकड्यांचा शाफ्ट बेअरिंगसह एकत्रच बॅलन्स करावा लागतो, म्हणून नवे सेंटर बेअरिंग आधी बसवून मग तो मशीनवर द्यायचा आहे. शाफ्टचे तुकडे एकमेकांत बसतात त्या सरकत्या, दातेरी जोडाचा एक दात जरी चुकला, तरी दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे योक एका रेषेत राहत नाहीत आणि नवीच थरथर सुरू होते. त्यामुळे शाफ्ट उतरवण्याआधी जोडाच्या दोन्ही भागांवरून एक सलग पांढरी रेघ ओढून ठेवली आहे.