सहावी

न्यू जर्सीतल्या होल्मडेल पार्कमध्ये लेकीची शर्यत बघायला गेलं की ती मला मोजून तीनदा दिसते. एकदा सुरुवातीला, मुलींच्या त्या लांबलचक रांगेत. मग ज्याला इथे सगळे ‘बोल’ म्हणतात, त्या खोलगट भागातून धापा टाकत वर येताना. आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर. सगळं मिळून मिनिटभरही नाही. मधला सगळा वेळ ती झाडांमागे असते आणि आम्ही आईवडील गवतातून पुढच्या जागेकडे पळत असतो.

नववीत ती क्रॉस कंट्रीला, म्हणजे गवत-टेकड्यांवरून लांब धावायच्या शर्यतींना, गेली, कारण इथे कुणालाच काढून टाकत नाहीत. ऑगस्टमध्ये सकाळी सरावाला येईल ती टीममध्ये. मोठ्या मीटला, म्हणजे स्पर्धेला, व्हर्सिटीच्या, म्हणजे मुख्य संघाच्या, सातच जणी धावतात, बाकीच्या जेव्हीत, म्हणजे दुय्यम संघात, पण सराव सगळ्यांचा एकत्र. त्या पहिल्याच वर्षी माझी मुलगी शाळेच्या टीममध्ये तिसरी यायला लागली. 5 किलोमीटरला 21 मिनिटं 30 सेकंद. तो आकडा माझ्या डोक्यात पक्का बसला. दहावीत ती 22 च्या खाली आलीच नाही, आणि अकरावीत टीममध्ये सहावी झाली.

मी घाबरले. बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, रक्त तपासलं. लांब पल्ल्याचं धावणाऱ्या मुलींमध्ये लोह कमी असणं सर्रास आढळतं, आणि हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, उतरलेलं असू शकतं, म्हणून तेही बघितलं. सगळं नीट होतं. पाळीही नियमित होती. मुलगी वाढत होती, एवढंच.

त्याआधीच्या उन्हाळ्यात मी तिला एका क्लबमध्ये घातलं होतं. तिथल्या प्रशिक्षकांनी तिच्यासमोरच मला सांगितलं, ‘पाच-सहा पौंड उतरवले की वेळ आपोआप सुधारेल.’ आणि मी मान डोलावली. ती शेजारी उभी असताना मी मान डोलावली, हे मला अजून सलतं. पुढचे दोन आठवडे तिचा डबा अर्धा भरलेलाच परत येत होता. मग मी क्लब सोडवला. तोंडाने काही बोलायला मात्र मला आणखी बरेच दिवस लागले.

शाळेच्या कोचबाई साठीच्या आहेत. त्यांच्या मोठ्या बहिणीच्या वेळी त्यांच्या शाळेत मुलींची टीमच नव्हती. 1972 मध्ये शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेदभाव करायला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा आला, त्यानंतर काही वर्षांनी ती टीम निघाली आणि बाई तिच्यात धावल्या. 1928 च्या ऑलिम्पिकमध्ये बायकांची 800 मीटरची शर्यत झाली आणि मग थेट 1960 पर्यंत ती बंदच होती, मॅरेथॉन तर 1984 मध्ये आली, हे त्या दर वर्षी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगतात. इतकी वर्षं बायकांच्या शरीराला हे झेपत नाही असं म्हणणाऱ्यांचंच ऐकलं गेलं, म्हणून आता त्या शरीराबद्दल आपण नीट बोलायचं, असं त्यांचं म्हणणं.

आणि त्या बोलतात. सीझनच्या आधी पालकांची बैठक असते, त्यात सगळ्या बाबालोकांसमोर त्या म्हणाल्या, ‘तीन महिने पाळी आली नाही तर मला कळवा. आधी डॉक्टर, मग सराव.’ मी खाली बघत बसले. आमच्या घरात हा शब्द वडिलांसमोर कुणी कधी उच्चारला नव्हता. धावण्याच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर पाळी थांबवतं, हाडं ठिसूळ होतात आणि पायाच्या हाडांना बारीक तडे जातात. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी याला रेड-एस असं नाव दिलं, हे मला त्या बैठकीत कळलं.

अकरावीत मी त्यांना गाठलंच. ‘ही मागे का पडतेय?’ त्यांनी शांतपणे समजावलं. चौदा-पंधराव्या वर्षी उंची वाढते, कंबर रुंदावते, अंग भरतं. नव्या शरीराने पळायला शिकावं लागतं, आणि त्यात बऱ्याच मुलींची एक-दोन वर्षं जातात. ‘उपाशी राहून त्या नववीचा वेळ टिकवायला बघतात आणि बारावीत कुबड्या घेऊन येतात. मला तुमची मुलगी कॉलेजातही धावताना बघायची आहे.’

ते पटलं. तरी सहावी म्हणजे मनात कुठेतरी ‘न मोजली जाणारी’ असंच होतं, कारण गुण पहिल्या पाच जणींचेच धरतात. ज्या क्रमांकावर आलात तेवढे गुण, ज्यांची बेरीज कमी ती टीम जिंकली. पहिल्या पाचही जागा घेतल्या तर 15, त्याहून चांगलं काहीच नाही.

ऑक्टोबरमध्ये एका शाळेशी दोघांचीच मीट होती. शेवटी माझी मुलगी एका मुलीला गाठून कशीबशी दोन पावलं पुढे गेली. वेळ 22:48. मी मनात वजाबाकी केली, नववीपेक्षा 78 सेकंद जास्त. गाडीत बसल्या बसल्या तिने छातीवरचा नंबर काढला, पाठीमागे पेनाने लिहिलं आणि माझ्यापुढे धरला.

आमच्या: 2, 4, 5, 8, 9. बेरीज 28.
त्यांच्या: 1, 3, 6, 7, 11. बेरीज 28.

‘दहावी मी होते, आई. मी जिला मागे टाकलं ती त्यांची पाचवी. ती दहावी आली असती तर त्यांचे 27 झाले असते, आपण हरलो असतो. आणि बरोबरी झाली की सहाव्या मुली बघतात. त्यांची सहावी माझ्या मागे होती.’

मी तो कागद दोनदा तपासला. मग गाडी सुरू करायची राहूनच गेली. तिला सांगितलं की त्या क्लबमध्ये मी मान डोलवायला नको होती. ती म्हणाली, ‘मला माहितीये,’ आणि डब्यात उरलेलं खायला लागली.

आता ती बारावीत आहे. या शनिवारी परत होल्मडेल. ती बहुतेक पाचवी नाहीतर सहावी असेल. मी ‘बोल’च्या चढणीवर उभी राहणार आहे, आणि दुसऱ्या शाळांच्या पाचव्या मुली कोणत्या रंगाच्या जर्सीत आहेत ते आधीच बघून ठेवणार आहे.