तंजावरच्या भिंतीवरची मराठी

काल रात्री चेन्नईच्या एग्मोरहून उळवन एक्सप्रेस पकडली, पहाटे तंजावर. ‘उळवन’ म्हणजे शेतकरी. समोरच्या बर्थवरच्या आजींनी हवेत नांगर धरून दाखवला, तेव्हा कळलं.

सॅक क्लोकरूममध्ये टाकून थेट बृहदीश्वर. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेलं मंदिर. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं उंच शिखर, बघताना मान दुखली, पण मी अडकले ती वेगळ्याच ठिकाणी. आवारातल्या एका भिंतीवर ओळीच्या ओळी चक्क मराठी! दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इथे आले आणि त्यांचं घराणं इथलंच झालं, हे शाळेत एका ओळीत संपलं होतं. आज अक्षर अक्षर लावत तासभर उभी राहिले. आठ दिवस कानावर फक्त तमिळ आणि मल्याळम, आणि अचानक दगडात आपली भाषा. खरं सांगते, डोळे भरून आले.

दुपारी लाल-पिवळ्या भाताच्या खाचरांमधून बसने कुंभकोणम... नाही, खाचरं हिरवीगार, लाल-पिवळी होती ती खिडकीतून दिसणारी गोपुरं. आता पितळी डवऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, डिग्री कॉफी, इथली फिल्टर कॉफी. उद्या सरस्वती महाल ग्रंथालयासाठी परत तंजावर. तिथली मोडी कागदपत्रं बघितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.