पावसाळ्यात कंडक्टिव्हिटी वाढली? थांबा जरा

रत्नागिरीत जून लागला की प्रोजेक्टवाली पोरं नाचत येतात, सर, आमच्या बॅटरीच्या पॉलिमर फिल्मची कंडक्टिव्हिटी (वीज वाहायची क्षमता) एकदम वाढली! मी आधी डेसिकेटरकडे, म्हणजे फिल्म कोरडी ठेवायच्या बंद भांड्याकडे बघतो, आतली निळी सिलिका जेल ओलावा पिऊन गुलाबी झालेली. वाढणारच ना मग, फिल्म बोटाला चिकटतेय, हवेतलं पाणी पिऊन बसलीय ती.

बॅटरीतल्या पेट घेणाऱ्या द्रवाऐवजी पातळ प्लॅस्टिकसारखी फिल्म, एवढाच सॉलिड पॉलिमर इलेक्ट्रोलाइटचा मामला. पीईओ (पॉलिइथिलीन ऑक्साइड) नावाच्या पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंच्या पदार्थात, सोडियम-पोटॅशियमचे क्षार विरघळतात हे पीटर राईट वगैरे संशोधक मंडळींनी १९७३ मध्ये छापलं आणि त्याच दशकात फ्रेंच संशोधक मिशेल आर्मांनी ते बॅटरीत वापरायचं सुचवलं. आत होतं काय, तर बॅटरीसाठी लिथियमचा क्षार घातला की साखळीतले ऑक्सिजन लिथियमच्या आयनला (विद्युतभारित कणाला) धरून असतात, साखळी वळवळली की पुढचे ऑक्सिजन त्याला उचलतात, शिमग्यात पालखी ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर जाते ना तस्सं. खांदेच हलले नाहीत तर पालखी जागेवर! पीईओ साध्या तापमानाला बराचसा स्फटिक होऊन बसतो, तिथे साखळ्या जखडलेल्या, म्हणून कंडक्टिव्हिटीचा आकडा रडका येतो, आणि साधारण ६० अंशांच्या वर स्फटिक वितळले की मस्त चढतो. पॅरिसच्या ऑटोलिब नावाच्या भाड्याच्या इलेक्ट्रिक गाड्या २०११ पासून ह्याच जातीच्या बॅटरीवर धावल्या, पण बॅटरी गरम ठेवायला लागायची.

मोजायला सोप्पं आहे. स्टीलच्या दोन चकत्यांत फिल्म दाबा, इम्पीडन्स (उलटसुलट वाहणाऱ्या एसी करंटला होणारा अडथळा) मोजून त्यातनं फिल्मचा रेझिस्टन्स काढा, मग जाडीला रेझिस्टन्स आणि क्षेत्रफळाच्या गुणाकाराने भागा. १०० मायक्रॉनची फिल्म, १ चौरस सेंटिमीटर, १०० ओहम, म्हणजे ०.०००१ सीमेन्स प्रति सेंटिमीटर. पण चार्ज नक्की कोण वाहतंय, लिथियम, त्याचा जोडीदार ऋण आयन की ओलाव्यातला प्रोटॉन (हायड्रोजनचा धन आयन), हे ह्या आकड्यात दिसत नाही, आणि पाण्याने साखळ्याही सैल होतात त्यामुळे डबल फसवणूक. वर लिथियम मेटलला पाण्याचं वावडं, म्हणजे तो भारी आकडा बॅटरीत कवडीच्या कामाचा नाही.

कोळंबीच्या सालांपासनं होणाऱ्या कायटोसान ह्या पॉलिमरचं वेगळं. आपल्याकडे साल म्हणाल तेवढी! पातळ अॅसिटिक अॅसिडमध्ये विरघळवून अमोनियमचा क्षार घातला की प्रोटॉन चालवणारी फिल्म होते, तिथे ओलावा मदतच करतो, फक्त मोजताना ह्युमिडिटी किती होती ते शेजारी लिहायचं, नाहीतर मे मधली आणि जुलैमधली फिल्म शेजारी ठेवून काय कप्पाळ तुलना करणार.

लिथियमवाल्यांनी मात्र तीच फिल्म व्हॅक्युम ओव्हनमध्ये सुकवून परत मोजायची, आकडा दाणकन उतरला तर तो पावसाचा होता.