तुम्ही विचारलंत म्हणून: तारण हरवतं का?

बायबल अभ्यास संपून सगळे पांगले की कुणीतरी मागे रेंगाळतं. पुस्तकं आवरायला मदत हे निमित्त. मग हळूच विचारणं येतं, "ताई, एकदा मिळालेलं तारण जाऊ शकतं का हो?"

तारण म्हणजे ख्रिस्तावरच्या विश्वासाने पापापासून मिळालेली सुटका. माझं उत्तर आधी सांगून टाकते. ख्रिस्ताने ज्याला धरलं त्याला तो सोडत नाही, असं मी मानते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू आपल्या मेंढरांविषयी बोलतो: त्यांचा नाश होणार नाही, माझ्या हातातून त्यांना कुणी हिसकावणार नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथे दोन नकार एकापाठोपाठ आलेत. मराठीत 'कदापि नाही' म्हणावं तसं.

पण एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, आणि का होत नाही ते मला चांगलं ठाऊक आहे. एकोणिसाव्या वर्षी माझ्या बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेल्या अकरा तारखा होत्या. प्रत्येक तारखेला मी तारणाची प्रार्थना नव्याने केली होती, कारण आधीच्या वेळी मन पुरेसं खरं नव्हतं अशी शंका यायची. कुणाशी खोटं बोलले की जुन्या तारखेवर रेघ, खाली नवी तारीख. एकदा ते पान आमच्या चर्चच्या म्हाताऱ्या पाळकांच्या, म्हणजे पाद्रींच्या, हाती लागलं. त्यांनी चष्मा वर करून यादी वाचली आणि विचारलं, "अगं, या अकरा वेळा हाक कुणाला मारलीस?" येशूला, म्हटलं. "आणि दर वेळी तुला हाक मारायला लावणारा कोण होता?" एवढं विचारून त्यांनी बायबल मिटून परत दिलं. बारावी तारीख मी लिहिली नाही. शंका मात्र लगेच गेली नाही, हेही सांगायला हवं.

घाबरलेली माणसं बहुतेक वेळा नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायावर बोट ठेवतात. ज्यांना प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ते पतन पावले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं तिथे लिहिलंय. हे वाक्य मऊ करण्याच्या खटपटी मी पुष्कळ ऐकल्यात, मला त्या पटत नाहीत. इशारा खराच आहे. पण तो वाचून लोक थांबतात आणि नववं वचन राहून जातं. तिथे लेखक वाचकांना 'प्रियजनहो' म्हणतो, अख्ख्या पत्रात फक्त याच ठिकाणी, आणि तुमच्याविषयी आमची याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे, असं सांगतो. कड्याच्या टोकाशी आई ओरडते ती लेकराने मागे यावं म्हणून. मला वाटतं, हा इशारा म्हणजे आपल्याला धरून ठेवण्याची देवाची एक रीतच आहे.

याच प्रश्नावरून मंडळी, म्हणजे ख्रिस्ती चर्च, एकदा दुभंगली होती. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने सगळ्यांनी देवतांना बळी अर्पण करावेत असा हुकूम काढला. अर्पण केल्याचा दाखला मिळे. असे पपायरसचे दाखले इजिप्तमध्ये सापडलेत. मजकूर ठरीव: मी नेहमीच देवांना बळी वाहत आलो, आताही तुमच्यासमोर पेयार्पण केलं, बळी दिला, प्रसाद चाखला, सही करावी. कित्येक ख्रिस्ती घाबरून वेदीपाशी गेले, काहींनी बळी न देता पैसे देऊन कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हीच माणसं रडत मंडळीच्या दाराशी आली. रोममध्ये नोवाशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, यांना पुन्हा आत घेणं नाही. रोमचा बिशप कॉर्नेलियस आणि कार्थेजचा बिशप सिप्रियन यांनी पश्चात्तापाची वाट खुली ठेवली. पुढे नोवाशियनचे अनुयायी इब्री पत्राचा हाच सहावा अध्याय पुढे करत, आणि चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज याला त्यांना उत्तर द्यावं लागलं. मला त्या रडणाऱ्यांचं महत्त्व वाटतं. ज्याला परतावंसं वाटतंय, त्याला 'पश्चात्ताप अशक्य' हे वाक्य लागूच कसं होणार?

मंडळ्यांचं यावर एकमत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने ठरवलं की प्राणघातक पापाने कृपा जाते, प्रायश्चित्त संस्काराने परत मिळते. लूथरपंथीही विश्वासातून पडणं शक्य मानतात, मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली यानेही तसंच लिहिलं. नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या प्रोटेस्टंट धर्मसभेने (१६१८-१९) उलट निकाल दिला: खरे विश्वासी वाईट रीतीने पडतात, पण देव त्यांना शेवटपर्यंत राखतो. मला सगळ्यात माणुसकीची वाटते ती डच धर्मशास्त्री आर्मिनियसच्या अनुयायांची १६१० ची नोंद. चार मुद्दे ठामपणे मांडून पाचव्याशी, म्हणजे याच प्रश्नाशी, ते थबकले. शास्त्र आणखी नीट तपासल्याशिवाय शिकवणार नाही म्हणाले. नंतर त्यांनीही बाजू घेतली, ती गोष्ट वेगळी.

मी डॉर्टच्या बाजूची. पण 'विश्वास ठेवतो म्हणून सभेत एकदा हात वर केला, आता कसंही वागा' असं डॉर्टने कुठेही म्हटलेलं नाही. तसं ऐकायला येणाऱ्यांशी मी फार गोड बोलत नाही.

गेल्या वेळी मागे राहिलेल्या बाई स्वतःसाठी विचारत नव्हत्या. मुलगा चर्चला यायचा बंद झालाय, प्रार्थनेचं नाव काढलं की उठून जातो. त्यांना मी पेत्राचं सांगितलं, येशूला अटक झाल्यावर 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणाऱ्या शिष्याचं. नाकारण्याआधीच प्रभू त्याला म्हणाला होता, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे भावांना स्थिर कर. 'वळलास तर' असं नाही, 'वळलास म्हणजे'. नाकारताना पेत्र कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता. योहानात पुन्हा तसाच विस्तव दिसतो तो समुद्रकिनारी, पुनरुत्थानानंतर. त्यावर मासे.

"मग त्याला ही वचनं पाठवू का?" बाईंनी विचारलं.

म्हटलं, किनाऱ्यावर प्रभूने पेत्राला आधी न्याहारी दिली, 'माझ्यावर प्रेम करतोस का' हे नंतर विचारलं.

त्या रात्री त्यांनी मुलाला फोन केला. चर्चचा विषय काढला नाही, म्हणाल्या. अर्धा तास बोलला तो.