पट्टीवरचं माहेरचं नाव

मागच्या शनिवारी पुस्तकांच्या एका सेलसाठी जुन्या पुस्तकांची दोन खोकी द्यायला इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला गेले होते. खोकी उतरवून घेणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या स्वेटरवर नावाची पट्टी होती. आधी नाव, मग माहेरचं आडनाव, मग सासरचं, आणि शेवटी ६२. मला वाटलं, टेबलाचा नंबर असेल. विचारलं तर म्हणाल्या, "हे माझं वर्ष." म्हणजे १९६२ साली त्या पदवीधर झाल्या. शेजारच्या बाईंच्या पट्टीवर ७९, पलीकडच्या मुलीच्या पट्टीवर १५.

"तुझं कोणतं?" त्यांनी विचारलं.

"९८. सातारा."

"मग तुमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींचा क्लब इथे कुठे भरतो?"

इतक्या सहज विचारलं त्यांनी, आणि मला उत्तर देता आलं नाही.

ब्रिन मॉर आणि वेलस्ली ही दोन्ही अमेरिकेतली मुलींची कॉलेजं. त्यांच्या माजी विद्यार्थिनींचा इथला पुस्तकांचा सेल १९३१ पासूनचा आहे. गावातल्या लोकांनी दिलेली पुस्तकं या बायका निवडतात, पुसतात, विषयवार लावतात, किमती घालतात. पगार कुणालाच नाही. सेलच्या पैशातून याच भागातल्या मुलींना त्या दोन कॉलेजांत शिकायला शिष्यवृत्ती मिळते. बस, एवढंच काम, पिढ्यान् पिढ्या.

घरी येताना मनात भांडत होते. साताऱ्याच्या माणसाला देणं कुणी शिकवायला नको. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांना उपाशी ठेवायचं नाही म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. मुष्टिफंडात बायकांनी घरातलं मूठ मूठ धान्य घातलं. या सेलवाल्या बायकांच्या पाठीशी आधीपासून शिकलेली, पैसेवाली घरं होती. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली घरातल्या पहिल्या पदवीधर. तुलना तरी कशी करायची?

पण खरी अडचण पैशाची नाहीच, हे रात्री कळलं. वही घेऊन वर्गातल्या मुलींची नावं लिहायला बसले. तिसऱ्या वर्षाला आम्ही त्रेचाळीस जणी होतो. नावं सगळी आठवली, हजेरीच्या क्रमानं. त्यातली एकही मुलगी आज त्या नावानं सापडत नाही.

वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं, आणि कितीतरी जणींचं पहिलं नावही. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीनं नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी पेढे खायचे. हॉस्टेलवर तीन वर्षं माझ्या शेजारच्या कॉटवर झोपणारी माझी पार्टनर, तिच्या लग्नात मीच ते ताट धरून उभी होते. आज फेसबुकवर तिला कोणत्या नावानं शोधू? कॉलेजला फोन केला. क्लार्क चांगल्या होत्या, रजिस्टर काढून बसल्या. पण रजिस्टरात माहेरची नावं आणि माहेरचे पत्ते. पुढचं कुणीच लिहून ठेवलेलं नाही. कॉलेजला राग यावा असं लिहितेय, पण लिहायला हवं: पोरींना पदवी दिली आणि त्यांचा माग सोडून दिला.

इथून तासाभराच्या आत रोझेल गाव आहे. १८८३ साली अमेरिकेत आलेल्या आनंदीबाई जोशी तिथे कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांचं माहेरचं नाव यमुना. आनंदी हे नाव लग्नातलं. आणि आमच्या जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई माहेरच्या नेवसे, हे तरी आपल्यातल्या किती जणींना पटकन सांगता येईल?

अमेरिकन बायकांनीही नवऱ्याचं नाव लावलंच की. त्या आजींनीच सांगितलं, लग्नानंतर कितीतरी वर्षं पाकिटावर त्यांचं स्वतःचं नावसुद्धा नसायचं, नवऱ्याच्या नावाआधी फक्त 'मिसेस'. पण क्लबच्या यादीत माहेरचं नाव आणि वर्ष कधी पुसलं गेलं नाही.

कुणी म्हणेल, वीस वर्षं तिकडे राहून आत्ता जाग आली का? पहिली आठ वर्षं मी एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून होते, कामाची परवानगी नव्हती, स्वतःचा म्हणून एक डॉलर नव्हता. मग मुलं, मग घराचे हप्ते. मी कॉलेजला विसरले नव्हते.

आतापर्यंत अकरा जणी सापडल्यात. एक तर आईला राजवाड्याजवळच्या मंडईत भेटली, मेथी निवडताना. पार्टनर अजून सापडली नाही. आम्ही बारा-तेरा जणी झालो की एक काम ठरवलंय: जावळी किंवा पाटणच्या खोऱ्यातून येणाऱ्या एका मुलीचं वर्षभराचं मेसचं बिल आपण भरायचं.

साताऱ्यात १९९८ साली बी.ए. झालेली, मराठी विषय घेतलेली कुणी हे वाचत असेल, किंवा तुमची वहिनी, जाऊ, सासू त्यातली असेल, तर मला कळवा. नाव मात्र हजेरीतलं सांगा.