दंडाची पट्टी

सुट्टीवर गावी आलेय. आज जांबोटीजवळच्या एका अंगणवाडीत गेले, तर बाईंच्या हातात तीच लाल-पिवळी-हिरवी पट्टी! आफ्रिकेतल्या मलावीत स्वयंसेविका म्हणून माझं रोजचं काम हेच. बाळाच्या डाव्या दंडाच्या मधोमध पट्टी गुंडाळायची, घट्ट ओढायची नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला की तीव्र कुपोषण. लगेच उपचार हवेत. तिथं मुख्य जेवण मक्याच्या पिठाचं, न्सिमा. त्यासोबत शेंगदाण्याचं कूट द्या म्हणून मी आयांच्या मागे लागते.

बाईंनी विचारलं, "पगार नाही, मग भागतं कसं गं?" राहण्या-जेवणापुरता भत्ता मिळतो, बाई. आईला मात्र मी इथंच हवी, आणि तिचं चुकत नाही. तरी पुढच्या महिन्यात मी परत जाणार.