तीन, तीन, तीन आणि नऊ

नागपूरच्या सदर भागातल्या आपल्या शाळेत दोन घंटा ऐकू यायच्या. तास संपला की शिपाईकाका द्यायचे ते टोल, आणि शेजारच्या चर्चच्या मनोऱ्यातली मोठी घंटा. पहिलीने आम्हाला शिस्त लावली. दुसरीने ऐकायला शिकवलं.

दुपारी बाराला ती वाजली की वर्गातली ख्रिस्ती मुलं क्षणभर थांबायची. तीन टोल, उसंत, तीन टोल, उसंत, पुन्हा तीन आणि मग सलग नऊ. ही एंजलसची घंटा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहालाही होणारी. देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची ही प्रार्थना तीन भागांची, प्रत्येक भागानंतर एक ‘नमो मरिया’. म्हणून तिनाचे टोल. बाहेर रस्त्यावर असलेल्यालाही प्रार्थना कुठवर आली ते कळायचं. 1456 मध्ये बेलग्रेडवर तुर्कांची स्वारी आली, तेव्हा पोप कॅलिक्स्टस तिसरे यांनी दुपारी घंटा वाजवून प्रार्थना करण्याचा हुकूम काढला होता.

आमचे इतिहासाचे सर वसईच्या मोहिमेवर आले की हमखास घंटांकडे वळायचे. 1739 च्या विजयानंतर तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत बांधल्या. वाईजवळच्या मेणवलीची घंटा मी पुढे मुद्दाम जाऊन पाहिली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया आहे.

माझा बाकावरचा सोबती वेदीसेवक, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत फादरांना मदत करणारा मुलगा, होता. मिस्सात, म्हणजे त्या उपासनेत, फादर भाकर आणि मग चषक उंच धरतात, तेव्हा छोटी घंटी वाजवायचं काम त्याच्याकडे. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची, फादरांची पाठ लोकांकडे असायची. मागच्या माणसाला तो क्षण घंटीनेच समजे. 1962 ते 65 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली, तरी घंटी टिकली. ते योग्यच झालं असं मला मनापासून वाटतं.

पण मला खरी ओढ होती ती घंटा बंद असण्याच्या दिवसांची. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गाताना घंटा वाजतात आणि मग थेट इस्टरच्या जागरणातल्या ‘ग्लोरिया’पर्यंत, म्हणजे शनिवारच्या रात्रीपर्यंत, गप्प. घंटीच्या जागी लाकडी खटखटं. सोबत्याने एकदा ते माझ्या हातात दिलं होतं: एक फळी, तिच्यावर बिजागरीने हलणारी लाकडी हातोडी, धरून धरून काळपट झालेली मूठ. हलवलं की कोरडा, रुक्ष आवाज. प्रभूच्या मरणाचा शोक त्या लाकडातून जसा कळतो तसा प्रवचनातून मला कधी कळला नाही. काही वर्षी याच सुमारास रामनवमी यायची. पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेने गाव दुमदुमायचं आणि सदरमधला मनोरा गप्प असायचा. दोन्ही आपलंच वाटायचं.

आता पुष्कळ ठिकाणी ध्वनिमुद्रित घंटा भोंग्यावर लावतात. आपल्या माजी विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: शेजारची ही घंटा दोरानेच वाजत राहावी, यासाठी दोर, लाकडी चौकट, लोलक यांच्या दुरुस्तीचा खर्च आपण उचलूया. पहिली वर्गणी माझी.